जहाजावरच पुढच्या क्रूझचा इसार द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं निवृत्त शिक्षक, इचलकरंजीचे. पुढच्या महिन्यात सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या 4 रात्रींच्या क्रूझवर चाललाय. साडू गेल्या वर्षी जाऊन आले आणि तेव्हापासून सांगतायत, ‘पुढची क्रूझ जहाजावरच बुक करून टाका, तिथं जे मिळतं ते इथं मिळत नाही. शिवाय मेंबर झालात की पॉइंट साठत जातात, मग थाट बघा.’ यात खरं किती आणि थाट किती, हे तुम्हाला हवंय.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते. शाहूपुरीत 22 वर्षं प्रवासाचं ऑफिस चालवते. गिऱ्हाइकानं जहाजावर माझं नाव न सांगता बुकिंग केलं तर मला त्यातलं कमिशन मिळत नाही. म्हणजे मी ‘नको’ म्हटलं तर त्यात माझं पोट आहे, हे धरूनच वाचा. पण मी सरसकट नको म्हणत नाही. साडू निम्मे बरोबर आहेत.

जहाजावर काय होतं ते सांगते. रॉयलच्या जहाजावर ‘नेक्स्टक्रूझ’ नावाचा एक काउंटर असतो. नॉर्वेजियन नावाच्या क्रूझ कंपनीवाले त्यालाच क्रूझनेक्स्ट म्हणतात, डिस्नेच्या क्रूझवर प्लेसहोल्डर म्हणतात. नावं वेगळी, धंदा एकच. माणूस सर्वांत खुशीत असतो तेव्हाच त्याच्याकडून पुढच्या प्रवासाचा इसार घ्यायचा. आपल्याकडं जमिनीच्या व्यवहारात इसार देतात ना, अगदी तसाच. आणि जमिनीच्या व्यवहारातला प्रश्न इथंही पहिला विचारायचा: व्यवहार मोडला तर इसार परत मिळणार का?

दोन प्रकार असतात. एकात तारीख, जहाज, खोली सगळं तिथंच ठरवायचं. दुसऱ्यात काहीच ठरवायचं नाही, नुसती ठरावीक रक्कम भरून ठेवायची आणि नंतर सावकाश जहाज निवडायचं. डिस्नेचं प्लेसहोल्डर या दुसऱ्या जातीचं: 250 डॉलर भरा, 24 महिन्यांच्या आत वापरा, काही सफरी सोडल्या तर भाड्यात 10 टक्के सूट. नाही वापरलं तर पैसे परत. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो, कारण जहाजावर बसून पुढच्या वर्षीची तारीख ठरवणं आपल्या घरांत जमत नाही. लग्नसराई आहे, नातवंडांच्या परीक्षा आहेत, शिवाय शेतीवाडी असली तर ऊस कधी तुटेल ते कारखान्यालाच माहीत.

बहुतेक कंपन्या जहाजावर बुकिंग करणाऱ्याला ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ देतात. म्हणजे पुढच्या क्रूझमध्ये जहाजावर खर्चायला काही डॉलर. किती ते रात्री आणि खोलीचा प्रकार यांवर ठरतं. साडू ‘तिथं जे मिळतं ते इथं मिळत नाही’ म्हणतात ते हेच, आणि ते खोटं नाही. पण ते क्रेडिट रोख नसतं. बहुतेक वेळा शेवटच्या रात्रीपर्यंत संपवलं नाही तर गेलं. मी लोकांना शेवटच्या संध्याकाळी जहाजावरच्या दुकानात घड्याळं चाळताना बघितलंय, डोळ्यांत नुसती घाई. अनेक जहाजांवर रोजची टिप आपोआप खात्यावर चढत जाते. क्रेडिट तिकडं वळतं करून घेतलं तर निदान जो खर्च होणारच होता तो भागतो.

आता जो हिशेब कुणी करत नाही तो करू. समजा, पुढची क्रूझ दोघांची मिळून 3,000 डॉलरची आहे आणि जहाजावर बुक केल्याबद्दल 100 डॉलरचं क्रेडिट मिळालं. तुम्ही इसार आणि नंतर बाकीची रक्कम आपल्या भारतीय क्रेडिट कार्डावर डॉलरमध्ये भरलीत. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. मिळून झाले 4.13 टक्के. 3,000 वर ते 124 डॉलर होतात. म्हणजे शंभराचं बक्षीस घ्यायला गेलात आणि सव्वाशे बँकेला देऊन आलात. काही कार्डांचा मार्कअप 2 टक्के असतो, काहींचा शून्य. जायच्या आधी बँकेला एक फोन करून विचारा. इथून रुपयांत भरलंत तर मीही डॉलरचा भाव लावताना थोडं ठेवते, नाही म्हणत नाही. पण माझ्याशी घासाघीस करता येते, कार्डाशी येत नाही. इथून परदेशाचं पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, त्यानं लोक दचकतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, बुडत नाही.

त्यापेक्षा मोठा प्रश्न परताव्याचा. एकच खोली दोन भावांत विकली जाते. एक भाव परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा, दुसरा थोडा स्वस्त, पण डिपॉझिट परत न मिळणारा. काउंटरवरचा माणूस स्क्रीनवर स्वस्त आकडा आधी दाखवतो. दाखवणारच, तो विकायला बसलाय.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये राजारामपुरीतल्या एका भिशीच्या 12 बायका घेऊन बार्सिलोनाहून निघणाऱ्या जहाजावर गेले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. शेवटचा दिवस पूर्ण समुद्रात होता. माझा पाय सुजला होता म्हणून मी खोलीत पडून होते. तेवढ्यात दोघी जावा त्या काउंटरवर जाऊन बसल्या. नंतर मला त्यांनी सगळं सांगितलं: टेबलावर काचेखाली जगाचा नकाशा, विक्रेत्यानं लॅपटॉप यांच्याकडं वळवलेला, त्यावर हिमनदीचा निळा कडा आणि पुढं पांढरं जहाज. अलास्का, 7 रात्री, चौघांसाठी. ‘हा भाव आज रात्रीपर्यंतच.’ माणशी 250, असे 1,000 डॉलर त्यांनी तिथल्या तिथं भरले. संध्याकाळी जेवताना मोठ्या जाऊबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. पहिल्या पानावर जहाजाचा फोटो. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, बारीक अक्षरांत ‘नॉन-रिफंडेबल’. मी काही बोलले नाही, समोर गोड ठेवलं होतं आणि सगळ्या हसत होत्या.

कोल्हापुरात आल्यावर कामाला लागलो. तेव्हा कोविडनंतर मुंबईत अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची मुलाखत मिळायला वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. शिवाय अलास्काची एक गोम आहे, ती जहाजावर कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यानं परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून निघून परदेशाला न लागता अमेरिकेतच प्रवासी उतरवू शकत नाही. म्हणून सिएटलहून निघालेली जहाजंसुद्धा कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला टेकतात. म्हणजे आपल्याला अमेरिका आणि कॅनडा, दोन्हींचा विचार करावा लागतो. चौघांचे व्हिसे वेळेत होणं शक्यच नव्हतं. 1,000 डॉलर गेले. तेव्हाच्या भावानं 80 हजारांच्या वर. धाकट्या जाऊबाईंचे यजमान एवढंच म्हणाले, ‘उसाची पहिली उचल समुद्रात सोडली म्हणायची.’

तेव्हापासून माझा नियम: ज्या देशाचा व्हिसा हातात नाही, तिथल्या क्रूझचा इसार परत मिळणारा नसेल तर द्यायचा नाही, मग भाव कितीही खाली असो. युरोपची क्रूझ घेत असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. रॉयलकडं 5 ते 14 रात्रींच्या सफरीची पूर्ण रक्कम 90 दिवस आधी भरावी लागते, 4 रात्रींपर्यंतच्या सफरीला 75 दिवस. म्हणजे कोल्हापुरातून पुण्याला किंवा मुंबईला कागद नेऊन देणं, बोटांचे ठसे, पासपोर्ट परत येणं, हे सगळं मधल्या तीनेक महिन्यांत बसवायचं. जमतं, पण इसार परत मिळणारा असला तर झोप लागते.

जहाजावर बुक करायचंच असेल तर आपल्या एजंटचं नाव बुकिंगवर घालायला सांगा. बहुतेक कंपन्या हे करतात, आणि तुमचं क्रेडिट त्यामुळं कमी होत नाही. नाव नंतर घालायचं म्हटलं तर ठरावीक दिवसांचीच मुदत असते, ती उलटली की बुकिंग तुमचं तुम्ही सांभाळायचं. यात माझा फायदा आहे, ते वर सांगितलंच. तुमचा फायदा असा की पूर्ण रक्कम भरायच्या तारखेआधी भाव उतरला तर नवा भाव मागायला कुणीतरी लागतं. कंपनी आपण होऊन फोन करून सांगत नाही.

आता पॉइंट. रॉयलची मेंबरांची योजना, क्राउन अँड अँकर सोसायटी, रात्रीमागे 1 पॉइंट देते. 3 पॉइंटांना गोल्ड, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस, 700 ला पिनॅकल. साडू 4 रात्री राहून आले म्हणजे गोल्ड झाले. गोल्डला काय मिळतं म्हणाल तर कार्डावर नाव आणि ईमेलमध्ये ऑफरी. खरी मजा डायमंडपासून: रोज 4 पेयांची व्हाउचरं, वेगळी बसायची जागा वगैरे. 4 रात्रींच्या सफरी करत 80 ला पोचायचं तर 20 क्रूझ. वर्षाला एक धरली तरी 20 वर्षं. ज्युनियर स्वीट किंवा त्याहून मोठी खोली घेतली की पॉइंट दुप्पट मिळतात, मग 10 क्रूझ. पण नुसत्या पॉइंटांसाठी मोठी खोली घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खोली आवडते म्हणून घेतलीत तर गोष्ट वेगळी.

सवलतीची किंमत मेनूकार्डावर बघायची नसते. ती मिळाली नसती तर आपण खिशातून किती दिले असते, तेवढीच तिची किंमत. गडहिंग्लजचे एक डॉक्टर माझ्याकडं आहेत, बरीच वर्षं सिंगापूर आणि युरोप करत करत डायमंड झाले. दारूला शिवत नाहीत. रोजची चार व्हाउचरं, मग ती कॉफीत आणि ज्यूसमध्ये जिरवायची. तिसऱ्या रात्री साडेनऊ वाजता मी त्यांना कॅपुचिनो घेऊन बसलेलं बघितलं. म्हटलं, डॉक्टर, या वेळेला? म्हणाले, ‘एक उरलं होतं, वाया कशाला घालवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला डोळे तारवटलेले, पेशंटला दहा वेळा सांगितलेलं ज्ञान स्वतःला लागू नाही. त्या कॉफीची किंमत डॉलरमध्ये काहीही असो, डॉक्टरांना ती उणेच पडली.

खरोखर कामाच्या सवलती दिसायला साध्या असतात. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीच्या कॅप्टन्स सर्कल या मेंबर योजनेत एलिट दर्जाला धुलाई फुकट आहे. 14-15 दिवसांच्या सफरीवर ती किती मोलाची हे एका बॅगेत दोघांचे कपडे भरणाऱ्यालाच कळतं. पण एलिट व्हायला सोळावी क्रूझ किंवा 151वा दिवस यावा लागतो. सँटोरिनीसारख्या बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होडीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. तिथं आधी उतरायला मिळालं तर दीड-दोन तास वाचतात, आणि त्या बेटावर दिवस मुळात छोटाच असतो. सिंगापूरला बंदरात चेक-इनची वेगळी रांग मिळाली तर मात्र त्याचं मला काही वाटत नाही. साध्या रांगेतही माणसं पुढं सरकतात.

दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात. रॉयलमध्ये एकटा माणूस दोघांचं भाडं भरून खोली घेत असेल तर त्याला पॉइंट दुप्पट मिळतात. माझ्याकडं एकट्यानं फिरणाऱ्या तीन-चार काकू आहेत, त्यांच्यासाठी हे सांगते. आणि रॉयलचा दर्जा सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या त्याच गटातल्या कंपन्यांकडंही 2024 पासून चालतो. म्हणजे चढायचंच असेल तर एका गटात चढा, तीन ठिकाणी गोल्ड होऊन उपयोग नाही.

उलट मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज एकेकाळी रॉयलचंच होतं, 1990 चं. आपल्याकडची बरीच मंडळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरून तिथनं जवळच बॅलार्ड पिअरला जातात आणि त्यावर चढतात. छान सफर आहे. पण त्यावरच्या रात्री रॉयलच्या खात्यात जमा होत नाहीत, हे दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

पॉइंट जमा करण्यातली सर्वांत साधी चूक नावाची. आपल्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात येतं. एकदा बुकिंग नुसत्या नावानं झालं, पुढच्या वेळी दोन्ही नावांनी, की कंपनीकडं दोन वेगळी माणसं तयार होतात, दोघंही गोल्डच. जहाजावर चढल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर मेंबर नंबर आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पॉइंट म्हणजे कंपनीनं दिलेलं वचन, एफडी नव्हे. कार्निव्हल या क्रूझ कंपनीनं 2025 मध्ये जाहीर केलं की यापुढं दर्जा रात्रींवर नाही, खर्चावर ठरणार. वर्षानुवर्षं रात्री मोजणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल. त्याहून वाईट आपल्या डोळ्यांसमोर झालं. जलेश क्रूझेसचं ‘कर्णिका’ 2019 मध्ये मुंबईहून सुरू झालं, कोल्हापूरची कितीतरी माणसं त्यावर नाचून आली. 2020 च्या ऑक्टोबरात कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. 2022 च्या जानेवारीत गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी कोसळली, तिच्या ड्रीम आणि स्टार क्रूझेसची जहाजं सिंगापूर-हाँगकाँगकडं जाणाऱ्या आपल्या लोकांच्या ओळखीची. म्हणून इसार छोटा, मुदत जवळची, कंपनी मोठी, असंच मी बघते. दोन वर्षांनंतरच्या सफरीत मोठी रक्कम अडकवायची नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असं करा. निघण्याआधी घरीच ठरवा की पुढच्या वेळी जायचं कुठं. त्या सफरीचा आजचा भाव माझ्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडूनही लेखी घ्या आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं, तिथं शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. काउंटरवर दुसऱ्या दिवशीच जाऊन वेळ घ्या, शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि गर्दीत प्रश्न विचारायचा धीर होत नाही. तिथला भाव तुमच्या फोटोतल्या भावाएवढा किंवा कमी असेल, डिपॉझिट परत मिळणारं असेल आणि ते कागदावर लिहून मिळत असेल, तर खुशाल द्या. काहीच ठरलं नसेल तर नुसतं हसून कॉफी प्या आणि परत या. इथंही ऑफरी येत राहतात.

आणि साडूंना एक विचारा. त्यांनी जहाजावर जी ‘पुढची क्रूझ’ बुक केलीय तिची पावती त्यांच्याकडं आहे का? असेल तर दोन्ही पानांचा फोटो मला पाठवायला सांगा. पूर्ण रक्कम भरायची तारीख आणि परताव्याची ओळ मी बघून कळवते. गेल्या वर्षीची म्हणालात, म्हणजे तारीख जवळ आली असणार.